अण्णाच्या पाया पड
जे. पी. नगरच्या घरात आई सकाळपासून नवी साडी नेसून माझ्या फोनसमोर बसली होती. इटलीत शिकणारी माझी मुलगी आश्लेषा आज तिथल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या दफनभूमीत, आईच्या अण्णाकडे निघाली होती. आमच्या बेंगळुरूच्या मराठी घरांत थोरला भाऊ अण्णा आणि धाकटा तम्मा. अण्णा पलटणीबरोबर गेला, तेव्हा आई सहा वर्षांची होती. घरात त्याचा फोटोसुद्धा नव्हता. तिला आठवायचे ते फक्त त्याचे उंच खांदे. त्यांवर बसून तिनं चैत्रातल्या करगा जत्रेची मिरवणूक पाहिली होती. "माझ्या वतीनं त्याच्या पाया पड गं," असं तिनं आश्लेषाला चारदा बजावलं होतं. दुपारी फोन वाजला. पडद्यावर हिरवळ दिसली, पांढऱ्या दगडांच्या रांगा, मग एकच दगड. त्यावर ॐ कोरलेला होता. आईनं डोक्यावर पदर घेऊन हात जोडले. "खाली काय लिहिलंय ते वाच." "शिपाई सुभानराव," आश्लेषा वाचू लागली, "एकोणीसशे चव्वेचाळीस. वय वर्षं एकोणीस." आईचे हात जोडलेलेच राहिले. "किती म्हणालीस?" "एकोणीस, आजी." आश्लेषा पाया पडायला वाकली, तशी आई म्हणाली, "स्वल्प थांब. पाया नको पडू." मग माझी सत्त्याऐंशी वर्षांची आई पुढे झुकली आणि त्या दगडाकडे बराच वेळ बघत राहिली. "तम्मा आहे गं तो," ती म्हणाली. "त्याच्या डोक्यावरून हात फिरव."