यादी काढणारा कॉम्प्युटर

"ओळखलात का, काका?" वेदिकाने विचारलं.

नाथाने टेबलावरच्या पिवळट कॉम्प्युटरवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. "पाहिला कुठं होता? आम्हाला ऑफिसात कोण सोडणार? नाव तेवढं ऐकलं."

वेदिका जुने कॉम्प्युटर जमवायची. सातपूरचा तो पत्र्याच्या डब्यांचा कारखाना मोडीत निघाला, तेव्हा गोदामात तिला हा सापडला. असे आता देशात मोजकेच उरले होते. पुण्याच्या एका संग्रहालयाला तो हवा होता. पण त्याने कारखान्यात काय बदललं, हेही त्यांना माणसांच्या तोंडून हवं होतं. म्हणून तिने जुने कामगार शोधले.

नाथा लगेच तयार झाला. टाइम ऑफिसात कामगारांच्या हजेरीच्या याद्या करणारा सावळीराम नको म्हणत होता. अर्धांगाने त्याची डावी बाजू गेली होती. नाथाच त्याला रिक्षात घालून घेऊन आला. तीन वर्षं त्याची आंघोळ, जेवण, सगळं नाथाच बघत होता.

वेदिकाने मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं.

"पंच्याऐंशीची दिवाळी," नाथा म्हणाला. "बावीस जणांना काढलं. कुणाला काढायचं ते कॉम्प्युटरनं ठरवलं. गेटवर यादी लागायच्या आधी हे सावळीरामभाऊ घरी आले. लय रडले. म्हणाले, माझ्या हातात असतं तर तुझं नाव येऊ दिलं नसतं."

"मग?"

"पोरगी तीन महिन्यांची होती. थंडीत न्यूमोनिया झाला. दवाखाना झेपला नाय. भाऊंनीच तिला मातीत ठेवलं, माझे हात उचलत नव्हते." त्याने सावळीरामकडे बोट केलं. "यांचा मेव्हणा माझ्या मागून लागलेला, तो राहिला. मशीनला काय कळतंय कोण जुना, कोण नवा."

"नाथा, चल," सावळीराम म्हणाला. "औषधाची वेळ झाली."

"मघाशीच दिलं की, भाऊ. बसा."

वेदिका कारखान्याची फाइल चाळत होती. "काका, साल नक्की पंच्याऐंशीच?"

"पोरगी गेली ते साल, ताई. विसरेन कसा?"

सावळीरामने उजव्या हाताने नाथाचं मनगट धरलं.

"मग ती यादी कुणीतरी हातानेच काढलेली असणार," वेदिका कागदावरून नजर न काढता म्हणाली. "हा कारखान्यातला पहिलाच कॉम्प्युटर, आणि तो आला सत्त्याऐंशीत."