दुहेरी भिंतीचं घर

“आकडा कुठून टाकलाय ते आत्ताच सांगा. नंतर जड जाईल,” वीज कंपनीचा तपासनीस दारातच म्हणाला.

लेकीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने आखलेलं हे पहिलंच घर. बांधलं होतं तिच्या वडिलांनी. चाळीस वर्षं हातात थापी धरलेले गवंडी ते. पण तिने नकाशा पुढे ठेवला तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला होता. पश्चिमेला खिडकी नाही. भिंती दुहेरी, मधे चार बोटं पोकळी. छज्जे हातभर जास्त लांब. गरम हवा बाहेर पडायला छताखाली झरोके.

“भिंतीला पोट असतं हे आज कळलं,” एवढंच ते म्हणाले होते. तरी एक वीट इकडची तिकडे न करता त्यांनी घर उभं केलं. चांगलं झालं की वाईट, हे मात्र राहायला आल्यावरही कधी बोलले नाहीत.

बोलले ते शेजारी. ऐन उन्हाळ्यात गल्लीतली बिलं चौपट झाली आणि या घराचं होतं तिथेच राहिलं. बापलेकीने मीटरमध्ये काहीतरी गडबड केलीय, अशी कुजबुज सुरू झाली. तिच्याकडून नकाशा काढून घेणारं एक जोडपं मग फिरकलंच नाही. आणि आता तर कोणीतरी लेखी तक्रार केली होती.

तपासनिसाने मीटर उघडलं. सोबत आणलेलं दुसरं मीटर जोडून आकडे ताडले. शिडी लावून छतावर गेला, घामाने निथळत खाली आला. दुपारचे दोन वाजले होते. फाटकाशी निम्मी गल्ली जमली होती. वडील मात्र खुर्चीत निवांत बसले होते. लेकीला त्यांचा रागच आला.

“एसी कुठे लपवलाय?” तपासनिसाने आत येऊन विचारलं.

“घरात एसी नाहीच.”

“मग इतकं गार कसं?”

तिने त्याला बाहेर नेऊन पश्चिमेच्या भिंतीला हात लावायला सांगितलं. चटका बसून त्याने हात झटकन मागे घेतला. मग आतून तीच भिंत दाखवली. तिथे त्याने हात टेकवला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही.

अहवाल त्याने तिथेच बसून लिहिला. मीटर अचूक. चोरी नाही. घराची रचनाच अशी, की वीज कमी लागते. खाली सही, शिक्का.

वडील उठले. कागद घेऊन फाटकाशी गेले आणि खणखणीत आवाजात शब्द न् शब्द वाचून दाखवला, शिक्क्यावरच्या तारखेसकट. मग एका बाईने हळूच विचारलं, “ताई, आमच्या जुन्या घराला असं काही करता येईल का हो?” तिच्या मागून आणखी दोघं पुढे सरकली.

सगळे पांगल्यावर लेक आत येऊन वडिलांशेजारी बसली.

“बाबा, तक्रार कोणी केली असेल हो?”

“मी.”

“तुम्ही? आणि काही चूक निघाली असती तर?”

“खात्री नसती, तर केली असती का गं, वेडे?”