सारांश तेवढा मोफत

"ती सुई नको," बाई पुन्हा पुटपुटली आणि तिनं डोळे मिटले. त्यानंतर तिची शुद्धच हरपली.

सिस्टरनं नाक मुरडलं. सुईला घाबरणारे पेशंट तिनं ढिगानं पाहिले होते. तिनं बाईच्या हिरड्यांतून येणारं रक्त पुसलं, कापूस बदलला आणि डॉक्टरकडे पाहिलं. डॉक्टर तिच्या लेकीच्या वयाची, इथं नवीनच आलेली. सुई भरून ट्रेमध्ये तयार होती, आणि ही पोरगी मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसली होती.

बाईला एका ट्रकवाल्यानं आणून सोडलं होतं. जंगलाकडच्या रस्त्याच्या कडेला पडली होती म्हणे. पन्नाशीची, अंगात मळका शर्ट, पायात रबरी बूट, नखांत माती. पिशवीत पाल्याच्या जुड्या आणि झाकणांना भोकं पाडलेले डबे. पाला विकून पोट भरणारी असावी, असा निकाल सिस्टरनं देऊन टाकला. नावगाव कळायला काही नव्हतं. बाईचा मोबाइल कुलूपबंद होता आणि त्यावर नुसती जाहिरातींची टिंगटिंग. घरचं कुणी ना कुणी फोन करेलच, म्हणून सिस्टरनं त्याचा आवाज बारीक करून तो स्वतःच्या खिशात ठेवला होता.

बाईच्या बाहीत एक चिरडलेला सुरवंट सापडला होता. डॉक्टरनं त्याचा फोटो टाकून शोध घेतला, तर त्या सुरवंटावर एकच लेख निघाला. चित्रातला सुरवंट हुबेहूब तोच. लेखाचा सारांश मोफत वाचता येत होता. या सुरवंटाचे केस टोचले की रक्त गोठायचं थांबतं, असं त्यात म्हटलं होतं. अशा वेळी रक्त थांबवायची नेहमीची सुई दिली तर रक्तस्राव उलट वाढतो. मात्र एक अगदी साधं औषध लागू पडतं. ते कोणतं आणि किती द्यायचं, हे पुढच्या पानांवर होतं आणि ती पानं बंद होती.

एकटा लेख विकत मिळत नव्हता. संस्थेनं वर्गणीदार व्हावं, अर्जाचं उत्तर कामकाजाच्या दिवशी मिळेल, असं त्या संशोधनपत्रिकेनं मोठ्या नम्रपणे कळवलं होतं. त्याच पानावर वर एक रंगीत पट्टी झळकत होती: पुढच्या वर्षापासून आमचं सगळं संशोधन सर्वांसाठी खुलं. तोवर बाईनं कळ काढावी, एवढंच छापायचं राहिलं होतं.

मोठ्या सरांना विचारून झालं होतं. सारांश वाचून कुणी उपचार करत नाही, ते फोनवर म्हणाले. रक्ताचा पुढचा रिपोर्ट येईपर्यंत थांब, तोवर काही हाती लागलं नाही तर मुकाट्यानं सुई दे. त्यांचंही खोटं नव्हतं. काहीच न देता पेशंट गेला असता, तर जाब त्यांनाच द्यावा लागला असता.

डॉक्टरनं मग मामेबहिणीला फोन लावला. ती एका मोठ्या कॉलेजात ग्रंथपाल होती. तिच्याकडेही त्या पत्रिकेचं दार बंदच होतं; वर्गणी झेपेना म्हणून कॉलेजनं ती कधीच सोडली होती.

"लेखकालाच माग," ताई म्हणाली. "सगळे हक्क लिहून दिलेले असतात, त्यामुळे स्वतःचाच लेख त्यांना उघड वाटता येत नाही. पण कुणी मागितला तर गुपचूप पाठवतात. कुणीतरी वाचतंय याचाच त्यांना आनंद."

डॉक्टरनं मेल केव्हाच पाठवली होती. उत्तराचा पत्ता नव्हता. लेखावर नाव म्हणजे दोन आद्याक्षरं आणि आडनाव, पण एव्हाना तो गृहस्थ तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला होता: गुबगुबीत खुर्ची, ढेरी, समोर गार झालेली कॉफी. तिला त्याचा मनापासून राग आला. इथं एका बाईचा जीव टांगणीला लागला होता आणि साहेबांना मेल उघडायला सवड नव्हती. ताईनं तिला शांत केलं आणि विद्यापीठात फोन करून बघते म्हणाली.

रिपोर्ट आला. आधीच्यापेक्षा वाईट होता. लघवीतूनही रक्त जायला लागलं होतं.

"डॉक्टर, हिला असंच ठेवून चालायचं नाही," सिस्टर हळू आवाजात म्हणाली. "सरांना मी काय सांगू?"

डॉक्टरनं ट्रे उचलला. सारांश खोटा असेल, तर थांबून आपणच हिला मारतोय. खरा असेल, तर सुई देऊन मारू. तिला रडू यायला लागलं आणि त्याची लाजही वाटली.

तेवढ्यात ताईचा मेसेज आला. लेखकाचा मोबाइल नंबर होता. विभागातल्या कारकुनानं दिला, कामासाठी बाहेरगावी आहेत एवढंच म्हणाला, असं ताईनं खाली लिहिलं होतं.

"सिस्टर, हा एकच फोन. नाही उचलला तर देते सुई."

तिच्या मोबाइलला नीट रेंज वॉर्डाबाहेर जिन्यापाशीच यायची. डॉक्टर तिकडे धावली. पलीकडे रिंग वाजत राहिली. उचला, कृपा करून उचला, ती स्वतःशीच म्हणत होती. रिंग संपत आली आणि कुणीतरी फोन उचलला.

"हॅलो," एका बाईचा आवाज आला. साहेबांची बायको असणार. डॉक्टरनं बोलायला तोंड उघडलं, पण पलीकडूनच सरबत्ती सुरू झाली.

"कोण बोलतंय? घरचेच ना तुम्ही हिच्या? अहो, किती वेळ वाट बघतोय आम्ही फोनची. असाल तसे निघा. तुमची बाई आमच्या वॉर्डात आहे, बेशुद्ध आहे."

डॉक्टरच्या एका कानाला मोबाइल होता. दुसऱ्या कानावर, वॉर्डाच्या अर्धवट उघड्या दारातून, सिस्टरचा तोच आवाज येत होता.