पुढचं दार

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. तेव्हा बसमध्ये मागच्या दारानं चढायचं आणि पुढच्या दारानं उतरायचं. पुढून चढायची मुभा फक्त म्हाताऱ्यांना आणि गरोदर बायकांना. मालाडच्या स्टॉपवर सकाळी भलीमोठी रांग लागायची. ऑफिसात रोज लेटमार्क खाणाऱ्या प्रेमानं एक दिवस डब्याची पिशवी पदराखाली धरली आणि पुढच्या दारात पाय ठेवला.

"सावकाश, ताई," ड्रायव्हर म्हणाला.

मग ते रोजचंच झालं. ती दिसली की तो बस अगदी तिच्या पायाशी आणून उभी करायचा, आणि तिला कुणी जागा देईपर्यंत गाडी हलवायचा नाही.

दिवाळीच्या सुट्टीत एकदा रांगच नव्हती. प्रेमा पिशवी हातात घेऊन सरळ मागून चढली. अंधेरीला उतरायला पुढं आली, तेव्हा ड्रायव्हरची नजर तिच्या पदराकडे गेली आणि तिथंच थांबली. आता हा चारचौघांत आपली लाज काढणार, म्हणून तिनं मान खाली घातली.

 

"ताई, आमचंपण पहिलं असंच गेलं," तो हळूच म्हणाला. "अजून थोडे दिवस पुढनंच चढत जा. उभं नका राहू."