शेवटच्या फेरीतला दगड

सिंगापूरला, केतकीच्या जुरोंगच्या फ्लॅटवर पोचल्या पोचल्या आईने बॅगेतून साडीत गुंडाळलेला दगड काढला. “बाबांनी शेवटच्या फेरीत वेचलेला.” केतकीने तो नाकाशी धरला. वाळवंटाऐवजी आईच्या कपाटाचा वास आला. लहानपणी ती आणि बाबा शनिवार रविवार कच्छच्या वाळवंटात दगड शोधत भटकायचे. बाबा वेचायचे, ती जीभ लावून बघायची. साधा दगड जिभेला चिकटत नाही; दगड झालेलं डायनोसॉरचं हाड चिकटतं. ते बाबांना आयुष्यभर मिळालं नाही. “बाबांनी याला जीभ लावली नाही?” “मी म्हटलं, लावा की! तर म्हणे, ते काम केतकीचं, दिवाळीला आली की बघू.” दिवाळीला सिंगापूरहून निघता आलं नाही, नंतर बाबाच गेले. केतकीने डोळे मिटून जीभ टेकवली. “काय गं, साधाच ना?” जीभ चिकटली होती. उत्तर द्यायचं तर ती सोडवावी लागली असती.