आंजेलसच्या वेळची हवा

सेबॅस्टियनने वहीतले आकडे पुन्हा पाहिले. कालचा आकडाही चढलेलाच होता.

वझिऱ्याच्या गावठाणात त्याचं घर खाडीच्या बाजूला, अगदी टोकाला. हवेत बारीक कण कसे तयार होतात, यावर तो डॉक्टरेट करत होता. माडीवर त्याचं पितळी यंत्र होतं. पंप ओढला की हवा आत यायची, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रत्येक कणाभोवती पाण्याचा थेंब धरायचा आणि ते थेंब भिंगातून मोजता यायचे. कण कशाचा, ते यंत्राला कळत नसे. ते फक्त मोजू द्यायचं.

पावसाळा संपल्यापासून रोज संध्याकाळी चर्चमध्ये आंजेलसची, म्हणजे सांजप्रार्थनेची, घंटा झाली की कण एकदम वाढत. वारा समुद्राकडचा, स्वच्छ. म्हणजे हे कण कुठून उडून आलेले नव्हते, हवेतच जन्मत होते. सगळा प्रबंध यावर उभा होता.

"बायको त्या वेळी बोंबील भाजत नाही ना रे?" त्याच्या सरांनी हसत विचारलं होतं. "वाऱ्याच्या बाजूला विस्तव नाही, हे एकदा स्वतः फिरून बघ. मग पदवी तुझीच."

"चूल मागच्या अंगाला आहे, सर. पुढे विहीर, मिठागर, खाडी. तिथे विस्तव कोण पेटवणार?"

तरी आज तो घंटेच्या आधी खाली उतरला.

विहिरीच्या कठड्याआड त्याची बायको हिल्डा बसली होती. पुढ्यात मातीच्या परळात निखारे, हातात कात्री. शेजारी नॅन्सीची पत्र्याची पेटी.

नॅन्सी त्यांची मुलगी. तीन वर्षांची. पावसाळ्यात घटसर्पाने गेली. तिला पुरून आल्यावर सेबॅस्टियन सरळ माडीवर गेला होता. रडला नव्हता.

"हे काय गं?"

"डॉक्टरांनी तिचे कपडे जाळायला सांगितले होते ना? जाळतेय."

"ते तेव्हाच जाळलेस म्हणालीस!"

"एकदम कसे जाळू रे? एकदमच गेली ती." हिल्डाने मान वर केली नाही. "रोज एक तुकडा. कधी बाही, कधी खिसा. घंटा झाली की. तू वर असतोस तेव्हा."

निखाऱ्यांवरून धुराची बारीक रेघ निघाली होती. वारा तिला सरळ माडीच्या खिडकीकडे नेत होता. सेबॅस्टियन त्या रेघेकडे बघत राहिला. हिल्डाही बघू लागली, आणि तिला समजलं.

"ओरड आता. वाट लावली ना मी तुझ्या अभ्यासाची?"

सेबॅस्टियन पेटीवर वाकला. पेटीत एकच कपडा उरला होता, बाप्तिस्म्याचा पांढरा झगा. असा झगा घरात पुढच्या बाळासाठी जपून ठेवतात, म्हणून हिल्डाचा हात त्याला लागला नव्हता. आज तिने तो मांडीवर घेतला आणि कात्री उघडली.

"कापू नकोस," सेबॅस्टियन म्हणाला. "अख्खाच जाळ. थांब जरा. मी वर पोचतो, मग पेटव."

घंटा झाली. त्याने पंप ओढला. थेंब धरले, आजवर कधी नव्हते इतके. तो मोजू लागला, चुकला, पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला.

भिंग बाहेरून, डोळ्याच्या बाजूने, ओलं झालं होतं.