बसवराजाची चिता

दुपारी तार आली. तारवाला दारातच हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, आधी बसून घ्या."

गंगाधर मास्तर बसले. तार पुण्याच्या प्रकाशकाची होती. 'बसवराज जिवंत करा. पंधरा दिवस. अन्यथा मालिका दुसऱ्याकडे.'

"कोण गेलं?" तारवाल्यानं विचारलं.

"गेलेला परत आणायचाय."

तारवाला सही न घेताच जिना उतरला.

बसवराज हिप्परगी हा मुंबईच्या हॉटेलांत रॉक वाजवणारा गिटारवाला. नाव मास्तरांनी समोरच्या कापडदुकानाच्या पाटीवरून उचललं होतं. रॉक त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. तरीही बसवराज, त्याची आई नागम्मा, त्याची प्रेयसी आणि दोन संशयास्पद भाऊ असं ते कुटुंब सहा पुस्तकं प्रेम आणि खून करत सुखानं नांदलं होतं. सहाव्यात बसवराजाची मोटार घाटात कोसळली. चेहरा ओळखू येईना, पण आईनं प्रेत पाहून 'माझाच' म्हणून मान हलवली, डॉक्टरनं दाखला दिला, भावानं अग्नी दिला. मास्तरांनी एकही फट ठेवली नव्हती. आता त्या बंद भिंतीतून बाहेर कसं यायचं, हे त्यांनाच कळेना.

"स्वप्न होतं म्हणा," बायको प्रभा म्हणाली.

"तिसऱ्या भागात वापरलं."

"जुळा भाऊ?"

"तो पाचव्यात मेला."

प्रभाच्या युक्त्या संपल्या. मास्तरांनी तारेची घडी घातली. "चार वर्षं शाळेतनं आलो की त्यांच्याकडं जाऊन बसत होतो, प्रभा. आता कुणीतरी परका येणार, आणि नागम्माच्या तोंडी वाटेल ते घालणार."

तेवढ्यात जिना वाजला. घरमालकीण गौरम्मा वर येत होत्या. गुडघ्यांमुळं त्या कधी वर येत नसत. कपाळाला विभूती, हातात वाचनालयाचा सहावा भाग. तो त्यांची सून वाचायची आणि खाली पापड लाटणाऱ्या बायका ऐकायच्या.

"का ओ मास्तर, माणसं हाव का कोण?"

"बसा, गौरम्मा. बसवराज गेला त्याचं मलाही..."

"मरंना का! मराण कुणाला चुकलंय? पण तुमी त्याला जाळला!"

"मग? जाळणारच की," मास्तर म्हणाले.

"हिप्परग्याचा पोरगा. गळ्यात लिंग बांधलेला. आमा लिंगायतात जाळतात व्हय? मांडी घालून बसवतात, तळहातावर लिंग ठिवतात, जंगम येतोय, मग मातीला देतात. तुमी चंदनाची लाकडं काय, तूप काय! बारा वर्सं झाली की एका घरात ऱ्हाऊन."

बारा वर्षांत मास्तरांनी या घरची शेंगाचटणी भरपूर खाल्ली होती. मेल्यावर तुम्ही काय करता, हे काही विचारलं नव्हतं. पुस्तकांत आजवर जो मेला त्याला त्यांनी बिनदिक्कत आपल्यासारखा जाळला होता.

"चूक झाली. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करतो."

"आवृत्ती ऱ्हाऊ द्या तिकडं. मला राग आलाय त्या नागम्माचा. सख्खी आई! म्होरं लेकराला जाळायलेत अन् बाई दगडावानी हुबी. एक शबुद न्हाई. मी असती तर लाकडावरनं वडून काडला असता. कुटली आई गप बसंल ओ?"

नागम्मा गप्प होती, कारण छापायची पानं संपत आली होती आणि रडायला जागा उरली नव्हती. हे काही सांगण्यासारखं नव्हतं. मास्तरांनी हातातली तार बाजूला ठेवली.

"कुठलीच नाही," ते म्हणाले.

गौरम्मा बोलता बोलता थांबल्या. पुस्तकाकडं बघितलं. मग मास्तरांकडं.

"म्हंजी... जाळला त्यो तिचा न्हवताच?"

"नव्हताच."

"अन् मान हालवली ती?"

"साफ खोटी."

"लपवलाय तिनं त्याला! व्हय की न्हाई? बोला की!"

"लपवलाय," मास्तर म्हणाले. त्यांनाही ते आत्ताच कळलं होतं. "पण कुठं, ते..."

"कुटं म्हंजी? दुधनीला तिचं माहेर हाय की. तितं सोडून कुटं जातोय?"

दुसऱ्या भागात आपण असं लिहिलं होतं, हे मास्तर विसरून गेले होते.

"लई बेरकी बाई," गौरम्मा खूश होऊन म्हणाल्या. "आनि तुमी बी." गुडघ्यांचं नाव न काढता त्या भराभर उतरल्या.

"अहो, पण डॉक्टरच्या दाखल्याचं काय?" प्रभानं विचारलं.

"डॉक्टर नागम्माचा भाचा निघेल. दौत कुठंय?"

मास्तरांनी कागद ओढला. वर 'भाग सातवा' लिहिलं. चार वर्षांचं सगळं गोत पुन्हा घरी आल्यासारखं वाटत होतं, त्यामुळं पहिलं वाक्य काही सुचेना. खालून गौरम्मांची कानडी हाळी आली, "अदान! बसवराज अदान!" आहे, बसवराज आहे. मग शेजारच्या खिडकीतून तीच हाळी, मग नळावरून, मग गल्लीच्या टोकाकडून मराठीत.

पहिलं वाक्य अजून सुचलं नव्हतं, तेव्हा दारात सारजाबाई उभ्या राहिल्या. पलीकडच्या बोळातल्या. हातात वाटी. त्या वर्षी साखर रेशनकार्डावर मिळायची, तीही मोजकीच. सारजाबाईंनी त्यातली चिमूटभर मास्तरांच्या तळहातावर ठेवली.

"घ्या मास्तर, त्वांड ग्वाड करा. तुमाला अजून कळलं न्हाई जनू. आपला बसवराज जित्ता हाय!"

"काय सांगता!" मास्तर म्हणाले, आणि साखर तोंडात टाकून त्यांनी डोळे पुसले.